बाह्या विणणारी

नोव्हेंबरच्या अकरा तारखेला धाकटीने सातशे चाळीस रुपयांची राखाडी लोकर घेतली आणि घरी येईपर्यंत पिशवीत हात घालून दोन-तीनदा चाचपून पाहिली. हवा त्याच आठवड्यात पालटली होती. पहाटे पंखा बंद करायला कोणीतरी कुरकुरत उठत होते, नळाचे पाणी हाताला चावू लागले होते आणि गॅलरीतले ऊन दुपारी लवकरच काढता पाय घेत होते. वर्षातले हे दिवस धाकटीचे. बाकीचे दिवस ती कोणाची ना कोणाची असे. नवऱ्याची, नोकरी होती तोवर कारखान्याची, थोरल्या जावेची. थंडी पडू लागली की दुपारची भांडी आवरून ती गॅलरीच्या दाराशी खुर्ची ओढी, पाय स्टुलावर टाकी, लोकरीचा गुंडा मांडीशी ठेवी आणि सुया हातात घेई. एक सुई सुलट, एक सुई उलट. साधी वीण. तिच्यात मोजायचे काही नसते, चुकायचेही फारसे काही नसते. डोळे रस्त्याकडे ठेवावेत, कान शेजारच्या भांडणाकडे आणि हात आपले चालू. विणलेला तुकडा वाढत वाढत मांडीवर उतरतो आणि मांडी ऊबदार होते. हे सुख तिने कोणाला कधी समजावून सांगितले नाही. हाक मारली तर चालू ओळ संपल्याशिवाय ती ओ देत नसे, एवढेच.

"आमच्याकडे उन्हाळ्यात चहा मागितला की मिळतो," तिचा नवरा कामावर, गोदामात सांगे, "थंडीत ओळ संपली की मिळतो."

धाकटी फक्त बाह्या विणत असे. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटे, पण तीस वर्षे तसेच चालले होते. ती लग्न होऊन आली तेव्हा थोरलीचे विणकाम गल्लीत गाजलेले होते. स्वेटरची पुढची बाजू थोरलीची, कारण नक्षी तिथे. पाठ थोरलीची, कारण माप तिथे. नव्या जावेला काहीतरी द्यायला हवे म्हणून बाह्या दिल्या. पहिल्या बाह्या झाल्या तेव्हा थोरलीने त्या पलंगावर पसरल्या, दोन्ही हातांनी ताणून पाहिल्या आणि म्हणाली, "हात सैल आहे गं तुझा. एक नंबर बारीक सुई घे." धाकटीने बारीक सुई घेतली, आणि बाह्या तिलाच चिकटल्या.

जोडकामही तिच्याकडेच आले. धाकटी तयार कपड्यांच्या कारखान्यात काज-बटण विभागात होती. निवृत्त होईपर्यंत तिने हजारो शर्टांची काजे केली, पण शर्ट असा एकही शिवला नाही. तेव्हा तुकडे तिच्या हाती सोपवायला हरकत नव्हती. थोरली पुढची बाजू आणि पाठ विणून तिच्याकडे देई. धाकटी दोन बाह्या घाली, चारही तुकडे जोडी, गळ्याचे टाके उचलून पट्टी विणी आणि तयार स्वेटर समोरच्या दारात नेऊन देई. दोन्ही घरे एकाच मजल्यावर, दारासमोर दार अशी होती. लोक म्हणत, "थोरल्या बाईंचा हात म्हणजे यंत्र आहे यंत्र!" थोरली म्हणे, "छे हो, वेळ जातो झालं." बाह्यांविषयी कोणी बोलत नसे. खरे तर बाहीविषयी बोलावे असे बाहीत काही नसतेच. ती आखूड झाली तरच लोकांच्या लक्षात येते.

धाकटीला मूलबाळ नव्हते. थोरलीला एक मुलगा. तो लहानपणी भूक लागली की आधी काकूचे दार वाजवी आणि मग आईचे. थोरले दीर गेले तेव्हा तो नुकता नोकरीला लागला होता. आता त्याची बायको होती, लहान मुलगी होती. पण कपाटाच्या किल्ल्या अजून थोरलीच्या कमरेला होत्या. सूनबाई त्या किल्ल्यांकडे कशी पाहते, ते धाकटीला दिसत असे. थोरलीलाही दिसत असे.

त्या वर्षीची राखाडी लोकर या पुतण्याच्या स्वेटरसाठी होती. मधोमध वेणीची नक्षी, दोन्ही बाजूंना साधी वीण. डिसेंबर लागता लागता थोरलीने तुकडे आणून दिले. नेहमी ती ते पलंगावर पसरून, हाताने सारखे करून, "बघ," असे म्हणून देई. या वेळी तिने गुंडाळी करूनच हातात ठेवली.

"बसा की जाऊबाई. चहा टाकते."

"नको. घरी कामं पडलीत."

ती गेल्यावर धाकटीने गुंडाळी उलगडली. पाठ ठीक होती. पुढची बाजू मात्र खालून वर जाता जाता विस्कटत गेली होती. टाके कुठे ढिले, कुठे आवळलेले. वेणीचा एक पेड डावीकडे वळायचा तो उजवीकडे वळला होता. एका ठिकाणी टाका सुटून ओळीओळीतून खाली घसरला होता आणि तिथे शिडीसारखी फट पडली होती.

धाकटीला पहिल्यांदा आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, आनंदच झाला. तीस वर्षे आपल्या बाह्या ताणून पाहणाऱ्या बाईची पुढची बाजू तिच्या हातात होती आणि ती ताणायचीही गरज नव्हती. तिने नवऱ्याला बोलावून दाखवली.

"बरं मग?" तो म्हणाला. "साठीच्या पुढे गेलं की होतं असं. माझी सही बघितलीस का? बँकेवाला म्हणतो, ही तुमची नाही."

"पण त्यांना दिसलं नसेल?"

"दिसलं असेल तर त्या सांगतील. तू कशाला खाजवून खरूज काढतेस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्चीत बसून धाकटीने ती पुढची बाजू उसवली. उसवताना लोकर सर्रकन सुटत होती. तिने स्वतःला सांगितले की पोरगा हा असला स्वेटर घालून कामावर जाईल तर लोक हसतील. हे खरे होते. पण त्याच्याखाली दुसरेही एक खरे होते, आणि ते तिला चांगले ठाऊक होते. तिला एकदा पुढची बाजू विणायची होती.

वेणी तिला कोणी शिकवली नव्हती. तीस वर्षे जोडकाम करताना पाहून पाहून ती तिच्या डोळ्यांत बसली होती. पहिल्या दिवशी दोनदा चुकली, उसवली, पुन्हा घातली. तिसऱ्या दिवसापासून हात चालू लागला. मांडीवर वेणी वर चढताना पाहून तिला आपलेच हसू येई. बाहेर गार वारा असे, दार अर्धे लोटलेले असे, कपबशीतला चहा निवून जाई. कोणी आले की ती विणकाम उशीखाली सारी आणि तयार बाही हातात घेऊन बसे. उभ्या जन्मात तिने इतकी मजा केली नव्हती.

तयार स्वेटर घेऊन ती समोर गेली तेव्हा थोरली खिडकीशी बसली होती. तिने तो मांडीवर घेतला. वेणीवरून हात फिरवला. मग स्वेटर उलटा केला, कारण विणणाऱ्याचा हात उलट बाजूने ओळखू येतो. ती पाहत राहिली.

"बरा झालाय," थोरली म्हणाली आणि घडी घालू लागली. घडी नीट पडेना, तेव्हा सूनबाईने ती पुढे होऊन घातली.

पुतण्याने स्वेटर अंगात घालून आरशासमोर दोन गिरक्या घेतल्या. "आई, ह्या वर्षी तू स्वतःलाच मागे टाकलंस बघ! काकू, वेणी बघितलीस?"

"बघितली," धाकटी म्हणाली.

आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ पाहिले, पण ज्याचे पीठ त्यानेच मुकाट्याने चाळणी धरावी असे क्वचित होते. आणि दुसऱ्याच आठवड्यात थोरलीने नातीच्या स्वेटरची पुढची बाजू गुंडाळी करून पाठवली. या वेळी ती अर्धीच विणलेली होती. सोबत उरलेली लोकर होती. निरोप काहीच नव्हता.

धाकटीने ती उसवली आणि नव्याने विणली. छोटी छोटी पाने काढली, गळ्याशी पांढरी पट्टी दिली. त्या महिन्यात तिची भूक वाढली. नवरा म्हणाला, "थंडी मानवली तुला." ती हसली. थोरलीला काय होतेय, हा प्रश्न तिच्या मनात येत नव्हता असे नाही. येई, पण ओळ संपेपर्यंत थांब म्हटले की थांबे, आणि एक ओळ संपली की दुसरी सुरू होई.

जानेवारीत थोरलीच्या हातून दुधाचे पातेले सुटले. मग एक दिवस तिला ब्लाउजची हुके लावता येईनात. सूनबाईने लावून दिली आणि संध्याकाळी नवऱ्याच्या कानावर घातले. दुसऱ्या दिवशी पुतण्या आईला नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाला. सून मुलीपाशी राहिली, म्हणून धाकटी बरोबर गेली.

डॉक्टर वयस्कर होते, घाई नसलेले. त्यांनी थोरलीची बोटे मिटायला, उघडायला लावली, कोपराखाली छोटी हातोडी मारून पाहिली, दोन पावले चालून दाखवायला सांगितले.

"मान दुखते?"

"कधीमधी."

"बोटं बधिर कधीपासून वाटतात?"

"झाले असतील आठ-पंधरा दिवस," थोरली म्हणाली.

"त्याआधी बारीक काम जमत होतं? सुईत दोरा ओवणं, निवडणं-टिपणं?"

थोरली उत्तर देण्याआधी पुतण्याच बोलला. "डॉक्टर, जमत होतं म्हणजे काय! हा बघा." त्याने जाकिटाची चेन उघडली आणि छाती पुढे केली. "गेल्या महिन्यात आईने विणलाय. आणि त्यानंतर माझ्या मुलीचा. त्याच्यावर तर पानं आहेत एवढी एवढी."

डॉक्टरांनी पत्र लिहायला कागद पुढे ओढला होता. वर त्यांनी तारीखही घातली होती. त्यांनी पेन ठेवले, चष्मा वर केला, वाकून वेणी पाहिली आणि बोटाने दाबली.

"हे गेल्या महिन्यातलं?"

"तर!"

"बाई, हा हात तर माझ्यापेक्षा चांगला आहे," डॉक्टर हसून म्हणाले. "मला जरा मानेची शंका आली होती. मानेत नस दबली की बोटांचं बारीक काम आधी जातं, महिनोन् महिने आधी. मोठ्या डॉक्टरांकडे पाठवणार होतो. पण गेल्या महिन्यात हे विणलंत म्हणजे ते नसावं. थंडीनं, अशक्तपणानंही होतं. गोळ्या देतो महिनाभराच्या. फरक नाही पडला तर बघू."

धाकटी बाकावर बसली होती. थोरली समोरच्या स्टुलावर. दोघींची नजर एकमेकींकडे गेली आणि तिथेच अडकली. धाकटीला वाटले, त्यांचा मुलगा, त्यांचा हात, त्यांनी बोलावे. थोरलीच्या मनात काय होते ते तेव्हा कळले नाही. एक वाक्य पुरले असते आणि ते दोघींपैकी कोणीही म्हटले असते तरी चालले असते. डॉक्टरांनी कागद बाजूला सारला आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहिली.

बाहेर आल्यावर पुतण्या म्हणाला, "बघ, उगाच घाबरलो. काकू, रिक्षा की चालत?"

"चालत," थोरली म्हणाली. ती भिंतीला हात लावत चालली.

गोळ्या महिनाभर झाल्या, मग आणखी महिनाभर. फरक पडत नव्हता, पण थोरली "बरं आहे" म्हणे आणि पुतण्या ते ऐकून समाधान मानी. मार्चच्या शेवटी ती जिन्यात पडली. पाय मुरगळला असे सगळ्यांना वाटले. पण ती उठूच शकेना, पायांना जोरच नव्हता. या वेळी मोठे रुग्णालय झाले, मानेचा एमआरआय झाला. तिथला सर्जन तरुण होता आणि त्याला गोड बोलायला वेळ नव्हता.

"नस चांगली सहा महिने तरी दबलेली आहे. ऑपरेशन करावंच लागेल. पाय सुधारतील. हातांचं सांगता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत आला असतात तर गोष्ट वेगळी होती."

"जानेवारीत दाखवलं होतं हो," पुतण्या म्हणाला. "तेव्हा हात उत्तम होते. स्वेटर विणत होती ती!"

सर्जनने खांदे उडवले. "शक्य नाही," म्हणाला आणि दुसऱ्या रोग्याकडे गेला.

पुतण्याचा त्या माणसावरचा विश्वास तिथेच उडाला. पण दुसरा इलाज नव्हता. ऑपरेशन झाले. थोरली महिन्याभरात काठी धरून चालू लागली. हातांची बोटे मात्र अर्धी मिटलेली राहिली. चमचा धरता येई, तोंडाशी नेईपर्यंत कलंडे. किल्ल्या आपोआप सूनबाईच्या कमरेला गेल्या. कोणी दिल्या नाहीत, कोणी मागितल्या नाहीत.

मे महिन्यातल्या एका दुपारी दोघीच घरात होत्या. धाकटी तिला चहा पाजत होती.

"तू बोलली का नाहीस?" थोरलीने विचारले.

धाकटीने कप खाली ठेवला. "तुम्ही का नाही बोललात? हात तुमचे होते."

"मी बोलले असते तर दुसऱ्या दिवशी मला कोपऱ्यात बसवलं असतं. मला वाटलं, थंडी जाईल तसं जाईल. आणि तू झाकत होतीस. मला वाटलं, माझ्यासाठी झाकतेस."

धाकटीला हो म्हणता आले असते. थोरलीलाही ते बरे वाटले असते.

"मला पुढची बाजू विणायची होती," ती म्हणाली.

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

थोरली हसली, पण ते हसणे पाहवत नव्हते. "अगं मग मागायचीस. तीस वर्षांत एकदा तोंड उघडून मागायचीस."

"तुम्ही दिली असती?"

थोरलीने विचार केला. "नसती," ती म्हणाली. "चहा दे. गार होतोय."

हे बोलणे त्या दोघींतच राहिले. पुतण्या अजून तो स्वेटर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. "आईच्या हातचा शेवटचा," म्हणतो आणि त्याचा आवाज जड होतो. धाकटी तिथे असली तर मूग गिळून बसते. आता त्याचा तो समज मोडणे म्हणजे त्याच्याकडून आईचा स्वेटर काढून घेणे, आणि शिवाय दवाखान्यातल्या बाकावरची ती दोन मिनिटे त्याच्यापुढे ठेवणे. तिला दोन्ही झेपणारे नाही. तिचा नवरा सगळे जाणतो. त्याने एकदाच विषय काढला. "मी म्हटलं होतं ना, खाजवून खरूज काढू नकोस म्हणून," असे म्हणाला, आणि मग त्या गप्प बसण्यानेच सगळे बिघडले हे लक्षात येऊन वर्तमानपत्रात तोंड घातले.

पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा गारवा पडला. हातांचा व्यायाम घ्यायला एक बाई थोरलीकडे आठवड्यातून येत असत. बोलक्या होत्या, आपल्या कामावर विश्वास होता. त्यांना कोणीतरी विणकामाचे सांगितले असावे. त्या म्हणाल्या, "अहो, मग हेच करू की! जाड सुया, जाड लोकर, वीस टाके. वेडंवाकडं झालं तरी चालेल. बोटांना ओळख राहते. सध्या हवाही छान आहे, गॅलरीत बसा दोघी."

धाकटीने वीस टाके घालून दिले. थोरलीने सुई बोटांत धरली, म्हणजे तळव्यात दाबली. पहिला टाका झाला. दुसरा झाला. तिच्या कपाळावर घाम आला. व्यायामाच्या बाई "शाब्बास!" म्हणाल्या, तशी थोरलीने त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी पुन्हा शाब्बास म्हटले नाही. ओळ अर्ध्यावर आली आणि तीन टाके सुईवरून घसरले. थोरली ते पकडायला गेली तर आणखी दोन गेले.

धाकटीचा हात आपोआप पुढे झाला. तिने सुई थोरलीच्या मुठीतून सोडवली, पाचही टाके भराभर उचलले, उरलेली ओळही ओघात विणून टाकली आणि तुकडा हाताने सारखा करून परत दिला. तो स्वच्छ, सरळ दिसत होता.

थोरलीने तो घेतला नाही.

"माझं वाकडं तर वाकडं होतं," ती म्हणाली. "तेही माझ्याकडे राहू देत नाहीस."

"जाऊबाई, माझ्या लक्षातच नाही आलं…"

"तुझ्या लक्षात सगळं येतं. ऊठ. आणि बाई, तुम्हीही पुढच्या आठवड्यापासून येऊ नका. झाला एवढा व्यायाम पुरे."

व्यायामाच्या बाईंनी समजूत घालायचा प्रयत्न केला, मग पर्स उचलली. धाकटी त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेली. त्या म्हणाल्या, "राग असतो अशा पेशंटना. मनावर घेऊ नका. तुमचा हात काय सुरेख आहे हो!" धाकटीला हे पहिल्यांदाच कोणीतरी म्हटले होते.

थोरलीचे दार आतून लागले होते. धाकटी आपल्या घरात आली. ऊन अजून गॅलरीच्या कठड्यावर होते. तिने खुर्ची ओढली, पाय स्टुलावर टाकले आणि अर्धवट राहिलेले विणकाम घेतले. हात चालू लागले आणि मांडी हळूहळू ऊबदार झाली. बरे वाटत होते, आणि आपल्याला बरे वाटते आहे याचा तिला संताप येत होता. ओळ संपली. तिने दुसरी सुरू केली.

व्यायामाच्या बाई पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या शेवटच्या खेपेचे अडीचशे रुपये अजून द्यायचे आहेत.